कंसातले पत्र

क्षमा करणे आणि विसरून जाणे या दोन गोष्टी आपण बोलताना इतक्या सहज एका दावणीला बांधतो, की त्या मुळात एक आहेत की दोन, आणि दोन असतील तर त्यांतील कोणती माणसाला मोकळे करते, हा प्रश्न एकदाही समोर उभा न राहता माणूस म्हातारा होऊ शकतो. माझ्यापुढे तो गेल्या आषाढात उभा राहिला. त्या वेळी माझ्या हातात कोणताही ग्रंथ नव्हता. माळ्यावरून खाली उतरवलेल्या एका जुन्या संगणकावर मी टपालाचा प्रोग्राम बसवीत होतो.

हा संगणक मी २००० साली, महसूल खात्यातील नोकरीचे शेवटचे वर्ष चालू असताना घेतला होता. ६४ मेगाबाइट मेमरीचा, विंडोज ९८ वर चालणारा, टेलिफोनच्या तारेला मोडेमने जोडला की कर्कश सूर काढीत बाहेरच्या जगाशी बोलू लागणारा असा तो भारदस्त डबा होता. पुढे घरात नवे संगणक आले, त्यानंतर टपाल खिशातल्या फोनवरच येऊ लागले, आणि तो माळ्यावर गेला. कोकणातील आमच्या घराच्या कागदपत्रांची एक तपशीलवार यादी मी त्या काळी तयार करून नातेवाइकांना टपालाने धाडली होती. तिची गरज पडली आणि छापील प्रत कोठे सापडेना, तेव्हा नातवाच्या मदतीने तो डबा खाली उतरवला, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसला आणि देवाचे नाव घेऊन कळ दाबली. तो चालू झाला. त्याच्या पोटातली नाण्याएवढी बॅटरी तेवढी संपली होती, त्यामुळे घड्याळ १ जानेवारी १९८० या तारखेवर जाऊन बसले होते. मधली सगळी वर्षे त्याच्या लेखी घडलीच नव्हती. नवी बॅटरी घालून मी आजची तारीख लावली. टपालाचा प्रोग्राम मात्र काही केल्या उघडेना. पत्रे जागच्या जागी होती, ती वाचून दाखवणारा तेवढा उरला नव्हता.

तो प्रोग्राम म्हणजे युडोरा. आज त्याचे नाव कोणी काढत नाही, पण टेलिफोनच्या तारेवरून पत्रव्यवहार करणाऱ्या माझ्या पिढीतील पुष्कळांना तो आठवत असेल. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली तो लिहिला आणि त्याला युडोरा वेल्टी या लेखिकेचे नाव दिले. या लेखिकेची १९४१ सालची एक कथा आहे: बहिणीशी आणि घरच्यांशी बिनसल्यामुळे आपले चंबूगबाळे उचलून गावच्या टपालकचेरीतच राहायला गेलेल्या एका मुलीची. दिवसरात्र टपालाच्या कामात बुडालेल्या डॉर्नर यांना आपलेही बिऱ्हाड टपालकचेरीतच पडले आहे असे वाटू लागले, आणि त्यावरून त्यांना हे नाव सुचले. भावंडांच्या भांडणाची कथा लिहिणारीचे नाव मिरवणाऱ्या प्रोग्रामातून मी माझ्या सख्ख्या भावाशी भांडलो, हे मला फार उशिरा कळले.

याच प्रोग्रामाच्या २००० साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत एक विलक्षण सोय होती. आपण लिहीत असलेल्या पत्रात कठोर, अपमानकारक शब्द आले तर पत्राशेजारी लाल मिरच्या उमटत. शब्द जितके तिखट तितक्या मिरच्या, तीनपर्यंत. रागाच्या भरात लिहिलेले पत्र हातून सुटण्याआधी माणसाला एक क्षण थांबवावे हा त्यामागचा हेतू होता, आणि तो हेतू मला आजही फार सुज्ञपणाचा वाटतो. पण हे यंत्र इंग्रजी शब्दांचीच पारख करी. त्या काळच्या आमच्या संगणकावर देवनागरी नीट उमटत नसल्यामुळे आम्ही मराठी पत्रे रोमन लिपीत लिहीत असू, आणि २००१ सालच्या मार्च महिन्यात बडोद्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला मी जे पत्र लिहिले त्यातला एक शब्दही त्या यंत्राला कळला नाही. एकही मिरची न उमटता ते पत्र गेले.

प्रोग्राम नव्याने बसवणे हे काम तसे अवघड नव्हते. एका संगणकविषयक मासिकासोबत मिळालेली सीडी मी जपून ठेवली होती. ती घातली, प्रोग्राम कोठे ठेवायचा आणि पत्रे कोठे आहेत हे त्याला सांगितले, आणि मग त्याने एकामागून एक रकाने पुढे केले. खरे नाव. उलट टपालाचा पत्ता. येणारे टपाल कोणत्या यंत्राकडून घ्यायचे, जाणारे टपाल कोणत्या यंत्राच्या हवाली करायचे. वाचलेली पत्रे त्या दूरच्या यंत्रावर राहू द्यायची की तेथून काढून टाकायची. सरकारी नोकरीत हजारो अर्ज भरून घेतलेल्या माणसाला रकान्यांचे भय नसते, तरी त्या दुपारी ‘खरे नाव’ या रकान्यापाशी माझा हात थोडा थबकला, कारण त्या नावावर आलेली आणि त्या नावाने गेलेली सगळी पत्रे आता उघडणार होती. पाऊस खिडकीच्या पत्र्यावर वाजत होता. मी नाव घातले आणि पुढे गेलो.

त्यानंतर प्रोग्रामाने असे विचारले की टपालपेटी आणि तिची सूची यांचा मेळ बसत नाही, तर नवी सूची तयार करू का. ‘हो’ असे सांगण्याआधी या प्रश्नाचा अर्थ मला समजला असता तर मी काय केले असते, हे मी आज सांगू शकत नाही. युडोरामध्ये प्रत्येक टपालपेटीच्या दोन फाइली असतात. एकीत सगळी पत्रे, एका पाठोपाठ एक, लांबच लांब कागदाच्या गुंडाळीसारखी साध्या अक्षरांत लिहिलेली असतात. दुसरीत त्या गुंडाळीतील कोणते पत्र कोठे सुरू होते, ते कोणाचे आहे, वाचले की नाही, याची सूची असते. पडद्यावर आपण पाहतो ती पत्रे नव्हेत, ती ही सूची. आणि पत्र पुसले म्हणजे काय होते? सूचीतून त्याचा उल्लेख निघतो. गुंडाळीतले पत्र आहे तेथेच राहते. पेटी आवळून घेण्याची एक वेगळी आज्ञा आहे; ती दिली, किंवा रिकाम्या जागेचे प्रमाण फार वाढल्यामुळे प्रोग्रामाने ते काम स्वतःहून केले, तरच पुसलेली पत्रे खरोखर नाहीशी होतात. माझ्या पेटीत ती वेळ आली नव्हती. जुनी सूची फेकून प्रोग्रामाने अथपासून इतिपर्यंत गुंडाळी वाचली आणि नवी सूची केली, तेव्हा पूर्वी काय पुसले होते, काय वाचले होते आणि काय न वाचताच टाकले होते, याची कोणतीही खूण त्याच्यापाशी नव्हती. सगळी पत्रे समान हक्काने परत आली.

महसूल खात्यातल्या माणसाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. सातबाऱ्यावरून एखाद्या खातेदाराचे नाव कमी होते तेव्हा तलाठी ते खरवडून काढीत नाही. फेरफार मंजूर झाला की जुन्या नावाला कंस पडतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. कंसातले नाव वाचता येते. किंबहुना ते वाचता यावे म्हणूनच ते तेथे असते, कारण जमिनीवर आज कोणाचा हक्क आहे हे कळायचे तर काल तो कोणाचा होता आणि कोणत्या कारणाने गेला, हेही कळावे लागते. दप्तरात खाडाखोड हा गुन्हा आहे. कंस ही पद्धत आहे. तीस वर्षे मी लोकांच्या नावांचे कंस पाहिले होते, पण माझ्या स्वतःच्या टपालात असा एक कंस पडलेला आहे याची मला कल्पना नव्हती.

कंसातले ते पत्र माझ्या भावाचे होते. १९९९ साली आमचे वडील, तात्या, गेले, त्यांच्यामागे कोकणातल्या घराच्या वाटणीचा विषय निघाला, आणि मी त्याला मार्चमधले ते पत्र लिहिले: तात्यांच्या आजारपणात आठ महिने तू फिरकला नाहीस, आता हिश्शासाठी मात्र तुला घराची वाट सापडली, अशा आशयाचे. तिसऱ्या दिवशी त्याचे उत्तर आले. त्याच्या पहिल्या चार ओळी मी वाचल्या, त्यांत त्याने मला काही टोचून विचारले होते, आणि मी ते पत्र तेथल्या तेथे पुसून टाकले. पुढच्या महिन्यात तो आला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही करून गेला. माझे शब्द त्याला लागले आणि आपली चूक त्याच्या ध्यानात आली, असा अर्थ मी घेतला. त्यानंतर वर्षभराने आमचे जाणेयेणे पूर्ववत सुरू झाले, मुलांची लग्ने झाली, एका पंगतीला आम्ही शेजारी बसलो. त्या पत्रांचा विषय त्याने काढला नाही आणि मीही नाही. मी त्याला क्षमा केली आहे, असे मी मनाशी धरून चाललो होतो. दोन दशकांहून अधिक काळ मी तसे मानले, आणि त्याबद्दल मला एक प्रकारचे समाधानही होते.

पत्र परत आलेले पाहताच माझ्या मनात आले ते हेच की पेटी आवळून घ्यावी म्हणजे ते आता कायमचे जाईल. ती आज्ञा देण्याला एक क्षण पुरला असता. मी संगणक बंद केला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. या दोन दिवसांत मी जो विचार केला तो मला येथे मांडायचा आहे, कारण माझ्या समजुतीचा पाया मला तपासून पाहावा लागला.

योगशास्त्रात राग, द्वेष इत्यादी क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. क्लेश कधी प्रसुप्त असतो, बीजासारखा निजलेला. कधी तनू, म्हणजे क्षीण झालेला. कधी विच्छिन्न, म्हणजे दुसऱ्या एखाद्या वृत्तीने तात्पुरता झाकला गेलेला. आणि कधी उदार, म्हणजे उघड उफाळलेला. विच्छिन्न अवस्थेचे भाष्यकाराने दिलेले उदाहरण मोठे मार्मिक आहे: चैत्राचे प्रेम आज एका स्त्रीवर दिसते म्हणून इतर स्त्रियांविषयी तो विरक्त झाला असे होत नाही. तसेच, पंगतीत भावाच्या पानात आग्रहाने जिलबी वाढणाऱ्या माणसाच्या ठिकाणी त्या क्षणी द्वेष दिसत नाही, एवढ्यावरून द्वेष गेला असे म्हणता येत नाही. स्नेहाने तो झाकला आहे, किंवा निमित्ताची वाट पाहत निजला आहे. या चारही अवस्थांच्या पलीकडे भाष्यकार आणखी एक सांगतो, ती दग्धबीजाची. भाजलेला दाणा दिसायला दाणाच असतो, मुठीत घेतला तर तसाच लागतो, पण मातीत घालून कितीही पाणी दिले तरी त्याला कोंब येत नाही.

या दोन अवस्थांतला भेद मला आधी कधी इतका लख्ख दिसला नव्हता. निजलेले बीज नजरेआड असते आणि जिवंत असते. भाजलेले बीज नजरेसमोर असते आणि निर्जीव असते. विस्मरणाने आपण बीज नजरेआड करतो. सूचीतून नाव निघते, गुंडाळीत पत्र राहते, आणि कधीतरी एखादे क्षुल्लक निमित्त, एखादी संपलेली बॅटरी, एखादी बिघडलेली सूची, ते सगळे जसेच्या तसे वर आणून ठेवते. भावाचे नाव त्या यादीत दिसताक्षणी माझ्या छातीत जे दाटून आले ते दोन दशकांपूर्वीचेच होते, तेवढेच ऊन होते. मी काहीही भाजले नव्हते. मी केवळ पाहायचे थांबलो होतो.

यावर कोणी म्हणेल की विस्मरण हीही ईश्वराची दया आहे, आणि ते नसते तर संसार चालला नसता. हे मी मान्य करतो. पण जे विस्मरण आपोआप येते ते माझे कर्म नव्हे, म्हणून ते माझे पुण्यही नव्हे. झोप लागली म्हणून कोणी तपस्वी ठरत नाही. आणि जे मी बुद्धिपुरस्सर पुसतो ते तर विस्मरणही नव्हे, ती लपवाछपवी आहे. पतंजलींनी स्मृतीची व्याख्या करताना असंप्रमोष हा शब्द योजला आहे, अनुभवलेले चोरीला जाऊ न देणे असा त्याचा अर्थ. त्या हिशेबाने मी माझ्याच घरी चोरी केली होती. वनपर्वात क्षमेविषयी द्रौपदी आणि युधिष्ठिर यांचा जो दीर्घ वाद आहे, त्यात ती सदासर्वदा क्षमा करण्यातला दोष दाखवते आणि तो क्षमेचा पक्ष उचलून धरतो; पण दोघांपैकी एकालाही द्यूतसभेतला एकही क्षण विसरायचा नाही, आणि विसरण्याचा सल्ला कोणी कोणाला देत नाही. क्षमा करायची की नाही हा प्रश्नच मुळी अपराध डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला पडू शकतो. जैनांच्या प्रतिक्रमणात आपल्या अतिचारांचा एकेक प्रकार उच्चारून मगच क्षमा मागितली जाते, ती रीत मला या दृष्टीने फार खोल वाटते. आणि क्षमा हे आपल्या भाषेत पृथ्वीचेही नाव आहे. पृथ्वी सहन करते ती पोटात घेऊन; ती काही बाहेर टाकीत नाही.

तरीही मी ते पत्र उघडले नव्हते. त्याचे कारण सांगायला हवे. चार ओळींवरून मला बाकीचे ठाऊक आहे असे मी धरून चाललो होतो, आणि क्षमा करायची ती त्या ठाऊक असलेल्या पत्राला करायची होती.

माझा हा गैरसमज दूर झाला तो टपालयंत्रांच्या नियमांमुळे. प्रोग्राम बसवताना भरलेल्या रकान्यांचा अर्थ नीट समजावा म्हणून नातवाने मला ते नियम त्याच्या फोनवर काढून दिले होते, आणि कायदा-कलमे वाचण्याची सवय असल्यामुळे मी ते आवडीने वाचले. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी शब्दबद्ध केलेल्या नियमांनुसार पत्र पाठवणारे यंत्र आधी आपली ओळख सांगते, मग पत्र कोणाचे आणि कोणासाठी ते सांगते, मग मजकूर देते, आणि अखेरीस एका ओळीत नुसते एक टिंब ठेवते. त्यावर घेणारे यंत्र २५० या आकड्याने होकार देते. हा होकार म्हणजे निव्वळ पोच नव्हे. त्या क्षणापासून पत्राची सारी जबाबदारी घेणाऱ्यावर येते. ते त्याने पोचवले पाहिजे, किंवा पोचवता आले नाही तर तसे कळवले पाहिजे. क्षुल्लक कारणाने ते गहाळ करण्याची मुभा त्याला नाही. पाठवणाऱ्याचे काम संपलेले असते, तो निर्धास्तपणे आपली प्रत टाकून देऊ शकतो. आमच्या कचेरीतल्या आवक बारनिशीचा धर्म हाच होता: अर्जावर शिक्का उठला की अर्ज सरकारचा झाला, मग तो हरवल्याचा जबाब सरकारने द्यायचा.

आणि पत्रे उतरवून घेण्याचे जे नियम आहेत, १९९६ साली ज्यांना आजचे स्वरूप आले, त्यांत पुसण्याविषयी एक कलम आहे. संभाषण चालू असताना पत्र पुसण्याची आज्ञा दिली तर पत्रावर फक्त खूण होते. दोन्ही यंत्रांचे बोलणे पुरे होऊन रीतसर निरोप घेतला गेला, तरच खूण केलेली पत्रे पुसली जातात. मध्येच तार तुटली तर सगळ्या खुणा रद्द होतात आणि पत्रे जशीच्या तशी शाबूत राहतात. पावसाळ्यात टेलिफोनची तार वारंवार तुटायची आणि कालचीच पत्रे आज पुन्हा उतरायची, त्याचे हे कारण मला इतक्या वर्षांनी समजले. ज्याने हे कलम लिहिले त्याच्यासमोर तुटणाऱ्या तारा होत्या, माणसे नव्हती. पण मी ते वाचले तेव्हा माझ्यासमोर माझा भाऊ होता. त्याने पत्र दिले, माझ्या पेटीने होकार दिला, तो निश्चिंत झाला. आणि मी चौथ्या ओळीवर तार तोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते पत्र उघडले आणि अखेरच्या टिंबापर्यंत वाचले. मी का आलो नाही हे तू कधी विचारलेस का, येथपर्यंतच्या चार ओळी माझ्या ओळखीच्या होत्या. पाचव्या ओळीत लिहिले होते की तात्यांच्या आजारपणाच्या त्या आठ महिन्यांत त्याची नोकरी गेलेली होती, घरभाडे थकले होते, आणि ही गोष्ट तात्यांच्या कानावर गेली तर त्यांना सोसणार नाही म्हणून त्याने ती कोणालाही सांगितली नव्हती. घर तूच सांभाळले आहेस, ते तुझेच राहू दे, मी सही करायला येतो, असे पुढे होते. आणि शेवटी असे होते: मला तेथले काही नको, तात्यांचे संध्येचे पळी-पंचपात्र तेवढे दे, मी सहीला येईन तेव्हा घेऊन जाईन, द्यायचे नसेल तर तसे कळव, म्हणजे मी मागून तुला संकोचात घालणार नाही.

मी काहीच कळवले नव्हते. त्यामुळे त्याने मागितले नाही.

ते पळी-पंचपात्र आणि त्यासोबतचे ताम्हन तात्यांच्या पश्चात माझ्याकडे आहे. मी रोज सकाळी त्याच पळीने संध्या करतो. प्रातःसंध्येत मंत्राचमन म्हणून जे आचमन आहे, त्यात सूर्याला आणि मन्यूला, म्हणजे क्रोधाच्या देवतेला, अशी प्रार्थना असते की क्रोधाने केलेल्या पापांपासून माझे रक्षण करा. रात्री मनाने, वाणीने, हातांनी, पायांनी जे काही पाप मी केले असेल ते नाहीसे होवो. एकेका अवयवाचा नामनिर्देश करून ही क्षमा मागितली जाते. भावाने मागितलेल्या आणि मी न दिलेल्या पळीतले पाणी तळहातावर घेऊन मी ती प्रार्थना हजारो वेळा म्हटली आहे. ज्या अपराधाची क्षमा मी करून टाकली असे मानीत होतो त्यात अपराधी कोण होता, हे त्या पाण्याला ठाऊक होते, असे आता मला वाटते. क्षमा मागण्याच्या जागी बसून मी क्षमा केल्याचे समाधान भोगले, आणि ते शक्य झाले याचे कारण एकच, की मी पत्र पुसले होते.

उत्तर त्याच संगणकावरून त्याच पत्त्यावर पाठवावे, अशी मला फार इच्छा झाली. पत्र लिहिलेही. पण आजची टपालयंत्रे ज्या गुप्तलिपीत बोलतात ती त्या जुन्या प्रोग्रामाला येत नाही. जाणाऱ्या टपालाच्या रकान्यात मी काय काय भरून पाहिले, प्रत्येक वेळी समोरून नकार आला. जुने सगळे तो वाचून दाखवीत होता, नवे एक अक्षरही पाठवू शकत नव्हता. पेटी मी आवळली नाही. भावाचे पत्र तेथेच आहे.

संध्याकाळी बडोद्याला फोन लावला. त्याला सत्त्याहत्तरावे वर्ष चालू आहे, त्याला कमी ऐकू येते, म्हणून मी त्याचे ते पत्र सावकाश, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून वाचले. चार ओळींवर माझा आवाज घोगरा झाला, तरी थांबलो नाही. शेवटपर्यंत तो काही बोलला नाही. वाचून झाल्यावर मी म्हटले, “हे मी तेव्हा पुरतं वाचलंच नव्हतं रे. आज वाचलं. माझी फार मोठी चूक झाली.”

पलीकडे बराच वेळ नुसता पावसाचा आवाज येत होता.

“दादा,” तो म्हणाला, “असं पत्र मी लिहिलं होतं हे मला आठवतसुद्धा नाही. तुझं पत्रही नाही आठवत. पंचपात्र आठवतं. त्याच्या काठाला एक पोचा आहे बघ, मी लहानपणी आपटलं होतं.”

मी उठून देवघरात गेलो आणि दिवा जवळ घेऊन पाहिले. इतकी वर्षे रोज हाताळूनही मी तो पोचा कधी बोटाने चाचपला नव्हता. काठाच्या डाव्या अंगाला, नखाएवढा, आतल्या बाजूला दबलेला तो होता.

“आहे,” मी फोनवर सांगितले.

त्या रात्री मी ताम्हन, पळी आणि पंचपात्र चिंचेने लख्ख घासली, तात्यांच्या एका उपरण्यात गुंडाळली, खोक्यात भरली आणि वर त्याचा पत्ता लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळची संध्या मी स्टीलच्या वाटीने आणि चहाच्या चमच्याने केली.